पाटलांची पहिली जोडी

"मग तोरणाखालनं पहिला काय तुझा ट्रॅक्टर जाणार?" रखमाजी पाटलांनी विचारलं.

"जाऊ द्या की. बॉनेटवर झूल बी मावंल," आदेश म्हणाला.

"लई शाना झालास."

"आबा, बैलं तुमीच इकली. आता संपतभाऊची जोडी आपली म्हणून मिरवायची, ह्याला मान म्हणत्यात का?"

बाप-लेकाचं हे सकाळपासून चाललं होतं. अंजनाबाई मधे पडल्या नाहीत. पोळा उद्यावर आला होता. इकडे तो भाद्रपदात असतो. आज संध्याकाळी खांदेमळण, म्हणजे बैलांचे खांदे हळद-लोण्यानं चोळायचे आणि त्यांना उद्याच्या जेवणाचं आवतण द्यायचं. लग्न होऊन बोरीत आल्यापासून हे काम अंजनाबाईंचं. पहिल्या वर्षी सासूबाईंनी त्यांचा हात धरून बैलाच्या खांद्यावरच्या घट्ट्यावर ठेवला होता. "हितं जोर लाव. जू हितंच बसतं," एवढंच म्हणाल्या होत्या.

मिरवणूक मात्र अंजनाबाईंनी कधी पाहिली नव्हती. आपली जोडी तोरणाखालून पहिली जाते, हे त्या ऐकून होत्या. त्या वेळी त्या पोळ्या लाटत असत. पाटलाच्या घरी त्या दिवशी निम्मं गाव जेवायचं.

पाटीलकी सासऱ्यांच्या हयातीतच गेली होती. दप्तर तलाठ्याकडं गेलं, तंटे तालुक्याला जाऊ लागले. राहिली ती पोळ्याची पहिली जोडी. आता सरपंच संपत, दूध डेअरीचा चेअरमनही तोच. त्यानं निरोप धाडला होता, "जोडी माझी, मान तुमचा. पाटील पुढं चालले म्हंजी गावाला बरं वाटतं."

उंबऱ्यावर बसून नात संस्कृती इतिहासाचा धडा मोठ्यानं वाचत होती. औरंगजेबानंतर सुभेदार आपापल्या मुलखात स्वतंत्र झाले, तरी कितीतरी वर्षं नाणी बादशहाच्याच नावानं पाडत राहिले.

डाळ ढवळता ढवळता अंजनाबाईंनी विचारलं, "मग बादशा काय करायचा गं?"

"सनदा द्यायचा."

"आन् नाय दिल्या तर?"

"तरी ते राज्य करायचेच, आजी."

रखमाजी उठून बाहेर गेले.

दिवस कलताना संपतचा गडी सावळेराम जोडी घेऊन आला. पांढरी, उंच, शर्यतीची बैलं. शिंगं आधीच रंगवलेली. अंजनाबाई वाटी घेऊन पुढं झाल्या. एका बैलाच्या खांद्यावर हात फिरवला. कातडी मऊ होती, घट्टा कुठं लागेना. तरी त्यांनी थोडं चोळलं. 'आज आवतण घ्या, उद्या जेवायला या' एवढं म्हणायचं राहिलं होतं. ते तोंडातून निघेना.

तेवढ्यात त्यांनी पलीकडं पाहिलं. दुसऱ्या बैलाच्या झुलीवर जरीच्या अक्षरांत 'संपतशेठ' लिहिलं होतं. रखमाजी खाली वाकून झुलीची ती कड आत दुमडत होते. दुमडली की ती पुन्हा सुटायची. त्यांनी धोतराच्या सोग्यानं हात पुसले आणि पुन्हा दुमडली.

"दिसत नाय आता," ते सावळेरामला म्हणाले. सावळेराम दुसरीकडं बघत राहिला.

वाटी तशीच घेऊन अंजनाबाई मागं फिरल्या. हौदावर हात धुतले. हळद नखांत राहिली. रखमाजी वेशीकडं गेल्यावर सावळेरामजवळ जाऊन हळू आवाजात काहीतरी बोलल्या. त्यानं कासरे सोडले.

रखमाजी घरात आले तेव्हा आदेश आणि सून वृषाली जेवायला बसले होते. त्यांच्याकडं न बघता अंजनाबाईंनी नवऱ्याचं ताट वाढलं.

"आवं, जोडी माघारी धाडली मी. उद्या ती संपतच्या नावानं पहिली जाईल, तसा निरोप दिलाय. आपुन समदी वेशीत उभं राहून बघू. वृषाली, पुरण घरापुरतंच घालायचं."