न टोचलेली टाचणी

नाशकात आमचं मटणाचं दुकान होतं. बकरं सोललं की काळजावर कधीकधी पाणी भरलेले पांढरे फोड दिसत. असा तुकडा गिऱ्हाईक घेत नसे, म्हणून तो आमच्या कुत्र्याला. कुत्रा खूश, मी त्याच्याहून खूश. त्याला कुरवाळायचं आणि त्याच हातानं भाकरी मोडायची, असा आमचा शिरस्ता.

तिशीत असताना एकदा ऐटीत घरी आलो, तर बायको म्हणाली, "अहो, डावी चप्पल कुठं टाकून आलात?" मला पत्ताच नव्हता. दोन महिन्यांत दोन्ही पाय लाकडासारखे झाले आणि लघवी झालेलीही कळेना. हाडाचा क्षय समजून मला प्लास्टरमध्ये घातलं. गुण येईना, तेव्हा मोठ्या दवाखान्यात नेलं.

शेजारच्या खाटेवरचा म्हातारा कुजबुजला, "ज्याला टोचलेलं काहीच कळत नाही, त्याला हे डॉक्टर कापत नाहीत. सरळ घरी धाडतात."

डॉक्टर टाचणी घेऊन आले. "डोळे मिटा. टोचलं की सांगा."

गणपतीच्या मेळ्यात मी दरसाल राक्षस होऊन मरत असे. कळवळणं हातचंच. "आई गं! मेलो!"

"उघडा डोळे," डॉक्टर म्हणाले. टाचणी त्यांच्या कॉलरला खोचलेली होती. "अजून टोचलीच नाही हो."

बायको पदर तोंडाला लावून हसली आणि लगेच रडायला लागली.

"मग आता घरी?" मी विचारलं.

"ओरडताना उजव्या पायाचा अंगठा हलला तुमचा. ते सोंग नव्हतं. उद्या पाठ उघडू."

उघडली. क्षय नव्हताच. मणक्यात द्राक्षांएवढे पाण्याचे फोड मज्जारज्जूला दाबून बसले होते.

"कुत्रा आहे घरी? काय खातो?" मी सांगितलं. डॉक्टर म्हणाले, "त्या फोडांतले किडे कुत्र्याच्या पोटात वाढतात. त्यांची अंडी विष्ठेतून त्याच्या अंगाला लागतात, तिथून तुमच्या हाताला, हातातून तोंडात, आणि मग तुमच्या अंगात असेच फोड धरतात. माल तुमचाच, गिऱ्हाईकही तुम्हीच."

तेव्हापासून फोडाचं काळीज आमच्याकडे खड्ड्यात पुरतात.

तीन आठवड्यांनी पुन्हा टाचणी आली. मी ओरडलो, खराखुरा. डॉक्टरांचा विश्वास बसेना. त्यांनी माझ्या डोळ्यांवर टॉवेल टाकला. पायाचं कुठलं बोट टोचलं ते मी एकेक सांगत गेलो आणि ते "हं, हं" करत गेले.

"डॉक्टरसाहेब," बायको म्हणाली, "एकदा मी टोचून बघू?"

पुढं मी काठी टेकत चालत घरी गेलो. डॉक्टरांच्या टोचण्या कधीच विसरलो. तिची मात्र अजून आठवते.