तोंड उताराकडे

वहिनींच्या गॅरेजात एक नियम होता आणि तो वहिनींचा नव्हता. तो त्यांच्या सासऱ्यांचा, म्हणजे अप्पांचा होता: आत येणाऱ्या गाडीचं तोंड चढाला. आवार मुळातच उताराचं. फाटक खालच्या टोकाला, ऑफिसची खोली वरच्या टोकाला आणि तिच्या दाराशी अप्पांची वेताची खुर्ची. नियमामागे शास्त्र होतं. कूलंट, म्हणजे इंजिन गार ठेवणारं रंगीत पाणी, बदललं की आत हवा अडकते. गाडीचं नाक वर असलं की ती आपसूक वर येते आणि रेडिएटरच्या तोंडातून निघून जाते. नियमामागे अप्पाही होते. खुर्चीतून न उठता त्यांना प्रत्येक गाडीचा चेहरा दिसायला हवा असे. शास्त्र आणि अप्पा एकाच बाजूला असल्यावर विरोध करणार कोण?

वहिनींच्या माहेरी शिलाई मशिनं दुरुस्त करायचं दुकान होतं. लग्न होऊन आल्यावर थोडे दिवस त्यांनी स्वयंपाकघराच्या खिडकीतून आवार न्याहाळलं. मग एकदा चहा द्यायला म्हणून खाली उतरल्या, त्या हात काळे करूनच वर आल्या. कप खालीच राहिले. नवरा भूगोलाचा मास्तर. गाडीला तो हात लावी, पण फक्त दार उघडण्यापुरता. तेव्हा गॅरेज सांभाळायला उरले वहिनी आणि त्यांचे धाकटे दीर. हे भाऊजी कामाला चोख, पण स्वभावाने असे की गाडी नुसती शिंकली तरी इंजिन उतरवायच्या तयारीत. वहिनींचं उलट. "चुकलं तर?" असं कोणी विचारलं की त्या शांतपणे विचारत, "कोणाचं?"

चौकातल्या चष्मेवाल्याने त्याची मोहरीच्या रंगाची स्पोर्ट्‌स कार सर्व्हिसिंगला आणली तेव्हा भाऊजींनी हातच जोडले होते. "वहिनी, आपण व्हॅनवाली माणसं. हिचं इंजिन सीटच्या मागे, रेडिएटर पुढे नाकाशी. घर एकीकडे आणि नळ दुसरीकडे. नको ते लचांड."

"लचांड मी करते, तुम्ही व्हॅन करा," वहिनी म्हणाल्या. "ही गाडी तक्रार घेऊन परत आली, तर असल्या गाडीचं पुन्हा नाव काढणार नाही. व्हॅन एके व्हॅन."

"ठरलं," खुर्चीतून आवाज आला. अप्पांचं "ठरलं" म्हणजे वेल्डिंग. असल्या गाडीची वाट वहिनी कितीतरी वर्षं बघत होत्या. पण ते त्यांनी चेहऱ्यावर दिसू दिलं नाही.

आठवडा उलटायच्या आत गाडी परत आली. सवयीने चढाला तोंड करून उभी राहिली आणि चष्मेवाला घामाघूम होऊन बाहेर पडला.

"ताई, गरमीची सुई लालवर गेली हो!"

"पळताना की थांबल्यावर?"

"थांबल्यावर. पळवली की जरा खाली यायची. म्हणून मी कुठे थांबतच नव्हतो. दोन ओळखीची माणसं हात करत राहिली, मी आपला पुढे."

"आतला हीटर लावून बघितलात?"

"लावला. कोणीतरी सांगितलं होतं, इंजिनाची गरमी तिकडून निघते. पण त्यातून गारच हवा आली. आत मी उकडतोय, इंजिन उकळतंय आणि हीटर तेवढा गार." त्याने चष्मा पुसला. "रागावू नका, पण कंपनीच्या वर्कशॉपला नेऊ का?"

"न्या. पण आत्ता ती जाणार नाही, आधी गार होऊ दे. तोवर मी बघते."

भाऊजी हात पुसत आलेच. "हेड गॅस्केट गेलं. इंजिन उतरवावं लागणार."

"भाऊजी, तुम्ही डोकेदुखीवर डोकं काढायला निघालात."

"मग थर्मोस्टॅट. नाहीतर पंप."

"सर्व्हिसिंगच्या आधी ही गाडी तापत होती का?" वहिनींनी चष्मेवाल्याला विचारलं.

"कधीच नाही."

"म्हणजे जे केलं ते मी केलं. मी पंपाला हात लावलेला नाही. मी फक्त कूलंट बदललं." हे त्यांनी अशा थाटात सांगितलं की चष्मेवाल्याला क्षणभर ती चांगली बातमी वाटली.

इंजिनाशेजारी कूलंटची टाकी होती. झाकण न उघडता त्यांनी बाहेरूनच पातळी पाहिली. बरोबर खुणेवर. खालच्या बाजूला थेंब नाही, ओल नाही. मग त्या पुढे गेल्या, बॉनेट उघडलं, पंखा बंद असल्याची खात्री केली आणि रेडिएटरवरून तळहात फिरवला. खाली चटका बसला. वरची पट्टी गार. माहेरी त्या मशिनचं चाक फिरवून कुठे अडतंय ते हातानेच ओळखत. आताही हात तिथेच थांबला.

"वरती हवा आहे," त्या म्हणाल्या. "पाणी तिथवर पोचतच नाही. म्हणून इंजिन तापतं आणि हीटर गार."

"कशी असेल?" भाऊजी म्हणाले. "मी स्वतः बघितलं, तुम्ही तासभर हवा काढलीत. नियमाप्रमाणे. तोंड चढाला..."

बोलता बोलता ते थांबले. वहिनींनीही गाडीकडे पाहिलं: नाक वर, शेपूट खाली. हवा निघायची वाट मागच्या टाकीतून, म्हणजे खालून. आणि त्यांनी तासभर, मोठ्या निष्ठेने, सगळी हवा वर नाकाशी नेऊन ठेवली होती.

"गाडी फिरवा," वहिनी म्हणाल्या.

"काय?" अप्पा खुर्चीत ताठ झाले. "सूनबाई, या आवारात आजवर एकही गाडी मान खाली घालून उभी राहिलेली नाही."

"आज राहील, अप्पा. तुमचा नियम इंजिनाच्या बाजूने बघितला तर बरोबरच आहे. हिचं इंजिन मागे आहे, तर शेपूट वर."

अप्पांनी यावर विचार केला. विचार करताना ते नेहमी रागावल्यासारखे दिसत, त्यामुळे काय चाललंय ते कोणालाच कळलं नाही. भाऊजी आणि चष्मेवाल्याने गाडी ढकलत बाहेर काढली आणि फिरवून उलटी आत घेतली. अप्पांसमोर आता गाडीची पाठ होती.

इंजिन पुरतं गार झाल्यावरच वहिनींनी टाकीचं झाकण काढलं. गाडी चालू केली, हीटर पूर्ण सोडला. थोडा वेळ काहीच नाही. भाऊजींच्या तोंडात "गॅस्केट" आलंच होतं, इतक्यात टाकीत गुडगुड झाली. एक बुडबुडा, मग रांगच लागली आणि पातळी झरझर खाली गेली. वहिनी कूलंट ओतत राहिल्या, टाकी पीत राहिली.

"गरम हवा!" चष्मेवाला आतून ओरडला. हीटर लागल्याचा इतका आनंद त्या उकाड्यात दुसऱ्या कोणाला झाला नसता.

झाकण लावून वहिनी त्याला शेजारी बसवून बाजाराच्या गर्दीत गाडी घेऊन गेल्या आणि मुद्दाम प्रत्येक सिग्नलला रेंगाळल्या. सुई मध्यावर आली आणि तिथेच बसून राहिली. मघाच्या ओळखीच्यांपैकी एकजण दिसला, तेव्हा चष्मेवाल्याने काच खाली करून त्याला सविस्तर नमस्कार केला.

परत आल्यावर वहिनींनी कोणी न सांगता गाडी उलटी आत घेतली.

"बरी झाली गाडी," भाऊजी हळूच म्हणाले. "पण वहिनी, परत तर आली होती ना?"

"आली होती," वहिनी म्हणाल्या. "शब्द माझाच आहे. मोडत नाही." हातातलं फडकं मात्र त्यांनी गरजेपेक्षा जास्त वेळ पिळलं.

अप्पा उठले. खुर्ची उचलली आणि कोणाचीही मदत न घेता उतार उतरू लागले. अर्ध्यात त्यांनी दम खाल्ला, भाऊजींकडे रागाने पाहिलं, पुन्हा निघाले. फाटकाशी, गाडीच्या बरोबर समोर, त्यांनी खुर्ची टेकवली आणि बसून मोहरीच्या रंगाचा तो चेहरा नीट निरखला.

"नियम माझा, फसला तोही माझाच," ते म्हणाले. "सूनबाईचा शब्द गाडीबद्दल होता, माझ्या उताराबद्दल नव्हता. अशी दुसरी आली की आधी मला सांगा. खुर्ची हलवायला वेळ लागतो."