रेल्वेने आलेली तुकडी

दामूकाकांशी युद्धाचा पटखेळ खेळायला बसलं की एक कटकट ठरलेली. रेल्वेने हलवलेली तुकडी मुक्कामी पोचली, की ते ती सोंगटी पालथी घालत आणि पुढच्या दोन चाली तिला हात लावू देत नसत. नियमपुस्तिकेत थांबायला एकच चाल सांगितली होती. मी ते पान त्यांच्या नाकासमोर धरी. चष्मा कपाळावर सरकवून काका म्हणत, "हे लिवणारा लष्कराच्या गाडीत बसलेला नाय. गाडी माणसाला पोचवते, सायेब. लढायला तयार नाय करत." शेवटी नियम त्यांचाच चाले.

काका बोईसरजवळच्या माहीम गावचे, बागायती वाडीवाले. सुभेदार म्हणून निवृत्त झाल्यावर त्यांचं वाडीत मन रमेना, म्हणून बोईसरच्या आमच्या कारखान्यात पहारेकऱ्यांचे प्रमुख झाले. मी तिथे पाळीचा सुपरवायझर. सांगलीकडचा, कारखान्याजवळच सरावलीत एकटा राहणारा. फाटकावर त्यांनी माझ्या पिशवीतला खेळाचा खोका तपासला आणि विचारलं, "ह्यात रसद मोजतात काय?" मोजतात म्हटल्यावर स्वारी खूश! पुढच्या सुट्टीला जेवायचं आमंत्रणच आलं. मग माझ्या बहुतेक सुट्ट्या माहीमलाच जाऊ लागल्या.

एकदा हातातला डाव त्यांच्या नियमापायी गेला, तेव्हा मी चिडून विचारलं, "काका, दोनच चाली का?"

ते पटाकडे बघतच बोलले. "पाच दिवस गाडीत होतो. पायातले बूट काढलेले नाय. उतरलो तर सायबानं विचारलं, तुकडी तयार? मी लिवून दिलं, तयार. नाय म्हणायची लाज वाटली. संध्याकाळी पहाऱ्यावरचे माझे दोघे जवान उभ्या उभ्या झोपले. ते तसेच मारले गेले."

मला फार वाईट वाटलं. पण त्यातून मी काही शिकलो, असं मात्र नाही.

पुढे ठेकेदाराने झारखंडहून सहा कामगार आणले. दोन गाड्या बदलून, अडीच दिवस प्रवास करून ते सकाळी बोईसरला उतरले आणि थेट फाटकावर आले. माझ्या पाळीला माणसं कमी होती. काकांनी फोन केला, "सायेब, ह्यांना आज झोपू द्या. डोळे बघा त्यांचे."

"काका, हा खेळ नाही," मी हसून म्हणालो आणि 'कामास योग्य' या शब्दांखाली सही केली.

दुपारी टाकीच्या शिडीवरून सुखलाल नावाचा चाळिशीचा कामगार खाली पडला. त्याचा सोबती रडत सांगत होता, "साहब, चढते-चढते आँख लग गई उसकी." संध्याकाळी सुखलाल गेला.

चौकशी लागली. कामगार आदल्या दिवशीच आले होते, अशी फाटकावरच्या वहीत नोंद करा, हे सांगायला काकांकडे मीच गेलो. आजही लिहिताना शरम वाटते. काकांनी वही काखेत घेतली. "एकदा खोटं लिवलं, सायेब. तेवढं पुरलं मला." नोंद तशीच राहिली. तरीही ठपका ठेकेदारावर आला आणि मी अलगद सुटलो. महिन्याभरात काकांनी नोकरी सोडली.

त्यानंतर माहीमला गेलो, तेव्हा पट काढलाच नाही. काका म्हणाले, "मी त्या दोघा जवानांच्या घरी गेलो होतो. आयांच्या समोर बसून सांगितलं, तयार म्हणून मीच लिवलं होतं. एकीनं दार लावून घेतलं. दुसरीनं पाणी दिलं. ते पाणी जास्त जड गेलं." मग माझ्याकडे वळून विचारलं, "तुमी सुखलालच्या घरी जाल?"

"जाईन," मी म्हणालो.

पुढे प्रत्येक फोनवर तोच प्रश्न, "जाऊन आलात काय?" कधी रजा नाही म्हणालो, कधी तब्येत पुढे केली. हळूहळू त्यांचे फोन उचलायचंही टाळू लागलो.

गेल्या वर्षी काका अंथरुणाला खिळल्याचं कळलं, तेव्हा मात्र गेलो. अंगात काही उरलं नव्हतं. आवाज जेमतेम फुटत होता, पण प्रश्न तोच.

"हो काका, जाऊन आलो," मी म्हणालो.

त्यांनी दोन्ही हातांनी माझा हात धरला. "बरं केलंत, सायेब. आता झोप लागेल तुमाला."

तिसऱ्या दिवशी ते गेले. सुखलालच्या गावाचं नाव मला पाठ आहे. तिथे मी अजून गेलेलो नाही.