सिलिंडरभोवती फिरवलेल्या कोंबड्या

नवागताला सामावून घेणं ही सुसंस्कृत समाजाची पहिली खूण होय, असं मी धुळ्याच्या एका शाळेत नागरिकशास्त्राच्या तासाला बरीच वर्षं सांगत आले. मुलं ते मुकाट वहीत उतरवून घेत. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस हाच विषय माझ्या अंगणात प्रात्यक्षिकाला आला आणि त्यात बहुतेक सगळे नापास झाले.

माझ्या नवऱ्याने कुठल्याशा सरकारी योजनेतून तीन पांढऱ्या कोंबड्या आणल्या होत्या. मला त्यांचं कौतुक नव्हतं. तो वारल्यानंतरच्या उन्हाळ्यात मुंगसाने दोन नेल्या. उरलेल्या एकीने खाणं सोडलं. भिंतीकडे तोंड करून ती दिवसभर उभी राही आणि मी खिडकीतून तिच्याकडे बघत बसे. आम्हा दोघींत जास्त बोलकी कोण, हे सांगणं कठीण होतं.

जळगावचा भाऊ आला की म्हणे, "एकटी काय करतेस इथे? बदली मागून घे, ये तिकडे." त्याच्या घरात माझ्यासाठी खोली नव्हती, पण देवघरालगतचा एक कोपरा ठरला होता. तिथे जपाची माळही आणून ठेवली होती. कोंबडी आहे तोवर निघता येणार नाही, असं मी सांगून टाकलं. कारण तकलादू होतं, पण दुसरं सुचलं नाही. म्हणजे कोंबडी मेली की मी जळगावला. सकाळी टाकलेली ज्वारी संध्याकाळी तशीच दिसली की मला तो कोपरा दिसे.

एकटी कोंबडी जगत नाही, तिला सोबत आण, असं शेजारच्या अक्का म्हणाल्या. पिंपळनेरच्या बाजारात एका बाईकडे दोन कडकनाथ मिळाल्या. डोंगरातली जुनी जात. पिसं, चोच, पाय, सगळं काळं. "हाडंबी काळी," ती अभिमानाने म्हणाली. मी खात्री करून घेतली नाही. एसटीत करंडी मांडीवर घेऊन बसले, तर शेजारची जागा धुळ्यापर्यंत रिकामीच राहिली.

अक्कांनी करंडीत डोकावून पदर तोंडाला लावला. "व माय! काळ्या? कोना उतारा काढना शे?"

"उतारा नाही, अक्का. सोबतीला आणल्यात."

"मंग चुलाभवते फिराव त्यासले. नहीतं पयी जातीन."

नवी कोंबडी चुलीभोवती फिरवली की घर धरते, असा त्यांचा नियम. माझ्याकडे चूल नव्हती. गॅसची शेगडी ओट्यावर, भिंतीला लागून. तिच्याभोवती फिरायचं तर भिंतीतून जावं लागलं असतं. अक्कांनी विचार केला.

"आग कोठेन येस?"

मी सिलिंडर दाखवला. मग तो ओढून मध्ये घेतला आणि दोन्ही बगलांत एकेक कोंबडी धरून मी, एक पदवीधर बाई, त्याला प्रदक्षिणा घातल्या.

पांढरीने स्वागत केलं ते चोचीने. दोघींना तिने पार कुंपणापर्यंत पिटाळलं, पुन्हा पुन्हा. संध्याकाळी मात्र तिने थोडे दाणे टिपले. रागानेही भूक लागते, हे आमच्या क्रमिक पुस्तकात नव्हतं.

काळ्या कोंबड्यांची बातमी गल्लीत पसरली. तेराव्यानंतर माझ्या उंबऱ्याकडे न फिरकलेले आमचे मुख्याध्यापक एका रविवारी आले. प्रार्थनेनंतर ते वैज्ञानिक दृष्टिकोनावर फार छान बोलत. मी ठेवणीतले कप काढले. त्यांनी तब्येत विचारली, नवऱ्याच्या स्वभावाबद्दल चार शब्द चांगले बोलले. माझे डोळे भरून येणार इतक्यात म्हणाले, "बाई, त्यातली एक मिळेल का? अमावास्या आलीय. आमच्या आईचा हट्ट हो. मी मानत नाही."

"कोंबडीही मानत नाही, सर," मी म्हणाले.

त्यांनी चहा संपवला. नंतर आणखी दोघं-तिघं येऊन गेले, त्याच कामाला. कप मी पुन्हा फळीवर ठेवून दिले.

पुढे एकदा शाळेतून आले तर अंगण रिकामं. कुंपणाला भगदाड. मुंगूस, की अमावास्या? मी तिथेच पायरीवर बसले आणि भावाला काय कळवायचं ते मनात जुळवू लागले. तेवढ्यात अक्कांच्या परसातून कुकुकू ऐकू आलं.

तिघी तिथे होत्या. तीन दगडांच्या चुलीमागे, राखेत लोळत. पांढरीसुद्धा, काळ्यांच्या अंगाला अंग लावून. धरायला गेले तशा उधळल्या. चुलीच्या एका बाजूने त्या, मागोमाग मी. त्या गोल वळल्या, मीही वळले. चपला केव्हाच सुटल्या होत्या. भाकरी थापता थापता अक्का हसायला लागल्या.

"बस कर व माय! फिरनी तू चुलाभवते. आते तू बी कोठे जावाव नही."

त्यांनी पायाने पाट सरकवला. मी बसले. खरं कारण राख होती, हे मला कळत होतं; कोंबड्यांना राखेत लोळायला आवडतं, त्यात श्रद्धेचा संबंध नाही. तरी दुसऱ्या दिवशीही संध्याकाळी मी कोंबड्या आणायला गेले, आणि त्यानंतरही रोज. घरी येऊन कुलूप काढलं की आत पूर्वीइतकीच शांतता असे. पण ती आता थोडी उशिरा सुरू होई.

बदली मागत नाही, असं मी भावाला कळवलं. त्याने कारण विचारलं. चूल म्हणता येईना, म्हणून शाळा म्हटलं.

पांढरी पुष्कळ जगली आणि म्हातारी होऊन मेली. तोवर तिने घातलेली सगळी अंडी अक्कांच्या चुलीमागे सापडली, आणि ती अक्कांनी खाल्ली.