दिग्गीला गेलेलं ग्राफिक कार्ड

रामनगरात पाऊस एकदा मुरला की आमच्या घरातल्या सगळ्या वस्तूंना एकाच ठिकाणी जायचं असतं: चुलीवर टांगलेल्या बांबूच्या ताटीवर. मिरच्या, कोकमाची सोलं, सुके बांगडे, लेकीचे मोजे, एकदा तर माझं पाकीट. जे ओलं ते ताटीवर, हा घरचा कायदा. गॅस आला तरी पावसाळ्यात चूल पेटते ती या ताटीसाठीच.

मी मात्र विज्ञानाच्या बाजूचा. पन्नाशीला टेकलोय, पण कॉम्प्युटर स्वतः जोडलाय. काचेची पेटी, आत रंग बदलणारे पंखे. त्यावर महत्त्वाचं काम म्हणाल तर मी गाड्यांच्या शर्यती खेळतो. बर्फाळ घाटात मला मागे टाकणारा अजून भेटला नाही. भेटेलसं वाटलं की मी खेळ बंद करतो.

लेकीची नोकरीची मुलाखत शुक्रवारी सकाळी, ऑनलाइन होती. प्रोग्राम लिहून दाखवायचा, म्हणजे मोबाईलवर भागणार नव्हतं.

"पप्पा, मी बेळगावला मावशीकडं जाते. तिच्याकडं लॅपटॉप आहे."

"लॅपटॉप? घरात असलं यंत्र असताना?" मी इतका दुखावलो, की बिचारी थांबली.

मंगळवारी यंत्र सुरू केलं तर पडदा काळा. पेटी उघडली. पडद्यावर चित्र आणणारं ते विटेएवढं, दोन पंख्यांचं ग्राफिक कार्ड बुरशीनं पांढरं झालेलं. ते पुसून, आठ-दहा व्हिडिओ बघून मी जाहीर केलं, "हे तांदळात पुरून ठेवायचं."

"तांदळालाच बुरसं आलंया," बायको म्हणाली. "ताटीवर ठेवा की."

"अगं, ते इलेक्ट्रॉनिक आहे!"

"आसंल. मोज्यांनी कधी तक्रार केली न्हाई."

ती बाजारात गेल्यावर मी कार्ड जुन्या लुगड्याच्या फडक्यात बांधून गुपचूप ताटीच्या कडेला ठेवलं. विज्ञानाचा माणूस असलो तरी मुलाखत जवळ आली होती.

गुरुवारी सकाळी गाठोडं खाली काढून सोडलं, तर आत बांगडे.

"अवो, काल भाऊ आला हुता दिग्गीहून," बायको म्हणाली. "त्येला बांगड्यांचं गाठोडं दिलं. सारखंच फडकं, मला काय ठावं? आणि तुमचं ते तांदळात हुतं न्हवं?"

लेकीनं बेळगावच्या बसची वेळ विचारली.

"संध्याकाळपर्यंत आणतो," म्हणत मी गाडी काढली. मेव्हण्याच्या घरी फोनला रेंज नाही, म्हणजे जाणं आलंच. गाडीलाही मी सोडलेलं नाही: मोठा पडदा, निळे दिवे, मागे कॅमेरा. दिग्गीच्या जंगलातल्या चिखलात पहिल्या गिअरमध्ये रडतखडत जाताना हा कॅमेरा फार उपयोगी पडला. मागून चालत येणारी म्हैस त्यात अगदी स्पष्ट दिसत होती. थोड्या वेळानं ती पुढे गेली आणि दिसेनाशी झाली. बर्फाळ घाटात असं कधी झालं नव्हतं.

मेव्हणा दारातच होता.

"या दाजी! सार करायचं म्हणून मसाला वाटून बसलो, सोडून बघतो तर आत पंखं!"

"कुठं आहे ते?" मी गाडीतून उतरता उतरताच विचारलं.

"कुठं म्हंजे? अक्कानं धाडलंया, वल्लं आसंल म्हणून चुलीवर टांगलं."

त्यानं वर बोट दाखवलं. दोन घरं, एक कायदा. कार्ड त्याच्या ताटीवर सुक्या सुंगटांच्या, म्हणजे कोळंबीच्या, शेजारी काळंसर होऊन पडलं होतं. आणलेले बांगडे त्याच्या हातात देऊन मी तसाच परत फिरलो.

संध्याकाळी कार्ड बसवलं, बटण दाबलं आणि पडदा उजळला. मी बायकोकडं न बघता म्हणालो, "सुटं करून परत बसवलं की होतं कधीकधी असं."

"व्हय, व्हय," ती म्हणाली.

शुक्रवारी लेकीनं मुलाखत सुरू केली. मी दाराआड. तिचा प्रोग्राम चालला, समोरचे माना डोलावत होते. तेवढ्यात वीज झपकन जाऊन आली. यंत्र पुन्हा सुरू झालं, तिनं माफी मागत पुन्हा जोडून घेतलं, आणि पाठोपाठ शर्यतीच्या गाडीचं इंजिन घरभर गरजलं. यंत्र चालू झालं की खेळ आपोआप उघडावा, ही सोय मीच करून ठेवली होती.

समोरच्यांनी विचारलं, "आपण गाडीत आहात का?"

"नाही सर," लेक शांतपणे म्हणाली, "ते माझे पप्पा."

तिकडून हसण्याचा आवाज आला. दुसऱ्या फेरीचं बोलावणंही आलं. त्या फेरीला ती कुणालाही न विचारता बेळगावला गेली आणि मावशीच्या लॅपटॉपवर नोकरी मिळवून आली.

माझं यंत्र आता झकास चालतं. शर्यत रंगली, पंखे जोरात फिरले, की खोलीभर सुंगटांचा वास सुटतो आणि आमचं मांजर काचेच्या पेटीसमोर येऊन बसतं. माझा खेळ शेवटपर्यंत बघणारं घरात तेवढंच आहे.