उस्तादनं बांधलेला तुरुंग

त्या दिवाळीत मी दहा वर्षांची होते आणि अक्कल सोडून मला सगळं आलेलं होतं. वडील उत्तरेतल्या आमच्या संस्थानी शहरात, हजीरा भागापलीकडच्या एका लहानशा तुरुंगाचे जेलर. आवारातच आमचं घर. कुठं राहतेस गं, असं कुणी विचारलं की मी ऐटीत सांगायची, "जेलमध्ये!" आई कपाळाला हात लावायची.

त्या पावसाळ्यात आमच्याकडे एक बडा पाहुणा आला. चार संस्थानांतल्या बँका आणि खजिने फोडलेला, पाच तुरुंगांतून पळालेला. शिपाई त्याला उस्ताद म्हणत. मला वाटलं, हातभर मिशा असतील. निघाला आमच्या संस्कृतच्या मास्तरांसारखा: किडकिडीत, टकलू, वाक्यागणिक हात जोडणारा. माझी घोर निराशा झाली. बाबांची मात्र झोप उडाली. वरच्या साहेबांनी त्यांना बजावलं होतं, "हा गेला, तर त्याच्या मागोमाग तुम्हीही जाल." म्हणजे नोकरी गेली, घर गेलं, आणि आम्ही सगळे मामीच्या दारात.

बाबांनी त्याला आमच्या दारापुढच्या बागेत कामाला लावलं. पायात बेड्या, सोबत पहारेकरी. डोळ्यांसमोर असलेला बरा, असं बाबांचं म्हणणं.

आता मराठी घर म्हटलं की दिवाळीला अंगणात मातीचा किल्ला आलाच; मग थोरला खरा किल्ला बारा महिने डोक्यावर का उभा असेना. शहरातल्या बाडा चौकाजवळ राहणारी माझी मामेबहीण दरवर्षी तोच करायची आणि कौतुक करून घ्यायची. मी ठरवलं, आपण यंदा तुरुंग करायचा. शहराच्या अख्ख्या लश्कर भागात कुणी केला नसेल! का केला नसेल, हा प्रश्न काही मला पडला नाही.

"उस्ताद, मुझे जेल बनानी है. एकदम असली."

त्यानं खुरपं खाली ठेवलं. "नेक खयाल है, बाई साब. पर हम ठहरे अंदर के आदमी. बाहर की दीवार कितने कदम, संतरी कहाँ से मुड़ता है, हम क्या जानें?"

"मैं नापके लाती ना!"

आणि आणलं की! परकर खोचून मी बाहेरून सगळी भिंत पावलांनी मोजली. पहारा कधी बदलतो, ते खुद्द पहारेकऱ्यांना विचारलं. जेलरसाहेबांच्या मुलीला त्यांनी कौतुकानं सांगितलं. उस्ताद इतकं मन लावून ऐकायचा, की मला वाटायचं, घरात एवढी किंमत आपल्याला कुणी देत नाही.

माती चिकट हवी, आणि उस्ताद म्हणाला, तशी माती फक्त मागच्या भिंतीखालच्या मोरीपाशी. तिथं झुडपं माजलेली. मीच पहारेकऱ्याला दटावलं, "उस्ताद को जाने दो, मिट्टी लानी है." पहारेकरी बाभळीखाली बिडी ओढत बसायचा आणि उस्तादला एक घमेलं भरायला अर्धा तास लागायचा. मी मनात म्हणायची, म्हातारा झालाय बिचारा.

तुरुंग झाला देखणा. फक्त मोरी मी दरवाज्याशेजारी काढली. उस्ताद तिच्याकडे बघत राहिला. गेला, बेड्या खुळखुळवत परत आला, पुन्हा बघितली. शेवटी राहवलं नाही.

"ना बाई साब. यहाँ नहीं."

त्यानं ती बुजवली, मागच्या कोपऱ्यात नवी कोरली आणि तिच्यात खराट्याच्या काड्यांचे तीन गज उभे केले.

नरकचतुर्दशीला अभ्यंगस्नान आटोपून, नवं धोतर नेसून बाबा किल्ला बघायला आले. चार वाजता वरचे साहेब फराळाला यायचे होते. बाबांनी बुरुजांना वाहवा दिली, मग एकदम उकिडवे बसले.

"ही मोरी इथं आहे, हे तुला कुणी सांगितलं?"

"उस्तादनं. मी चुकवली होती. गजही तीनच आहेत, बरं का!"

"सात वर्षं मी इथं आहे," बाबा सावकाश म्हणाले, "मला नव्हतं माहीत किती ते."

आणि ते धावत सुटले. परत आले ते गुडघ्यापर्यंत चिखलानं माखून. मोरीचे दोन गज घासून घासून दोऱ्याइतके उरले होते. वर मेणात गंज कालवून लिंपलेला.

"अहो, पहिल्या आंघोळीची ही दशा?" आई म्हणाली.

बाबांनी मला विचारलं, मी सगळं सांगितलं. पावलं, पहारे, माती. शाबासकी मिळणार या खात्रीनं सांगितलं. माझ्या वाक्यागणिक बाबा ओट्यावर खचत गेले.

"साहेबांनी हे पाहिलं तर?" आईनं विचारलं.

"गज सापडले म्हणून शाबासकी, आणि नकाशा कन्येनं पुरवला म्हणून नारळ. मोडा तो किल्ला!"

मी नव्या परकरासकट दोन बुरुजांवर फतकल मारून बसले. "नाही मोडू देणार!" आईनं ओढलं, बाबांनी ओढलं, तरी हलले नाही. भोकाड असं पसरलं, की पहारेकरी धावत आले.

तेवढ्यात चार शिपाई उस्तादला घेऊन आले. दुप्पट बेड्या. त्यानं माझ्याकडे बघितलं आणि हात जोडले.

"उठिए, बाई साब. आप बाबा की नौकरी पर बैठी हैं."

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. मी उठले. परकराला मागं अर्धा तुरुंग चिकटलेला.

बाबांनी त्याला विचारलं, "अरे, मोरी दिखाई क्यों? न दिखाता तो दो दिन में निकल जाता."

उस्ताद नव्या नवरीसारखा लाजला. "साहब, तोड़ीं बहुत. बनाई पहली बार. गलत कैसे बनाता?"

बाबांनी करडा चेहरा ठेवायचा फार प्रयत्न केला, पण मिशी थरथरायला लागली आणि तीन महिन्यांत पहिल्यांदा ते खदाखदा हसले. उरलेला तुरुंग मग मीच पायांनी तुडवला.

चार वाजता साहेब आले. गज वेळेवर पकडले म्हणून बाबांची पाठ थोपटली, चकली मोडली आणि अंगणाकडे बघून म्हणाले, "काय जेलर, यंदा किल्ला नाही?"

"केला होता, साहेब. मुलीनंच मोडला. द्वाड आहे फार."

साहेबांनी दुसरी चकली घेत मला सांगितलं, मुलींनी चिखलात खेळू नये, रांगोळी काढावी. मी गरीब गाईसारखी मान डोलावली. बाबा माझ्याकडे बघत नव्हते. बघितलं असतं, तर दोघांनाही हसू आवरलं नसतं.