कॉलरखाली राहिलेला माइक

आमच्या गल्लीच्या तोंडाशी मास्तरांचं शिवणाचं दुकान आहे. कपडे घट्ट झाल्याची तक्रार केली की ते टेप गळ्यात टाकत म्हणतात, "कापड तेवढंच आहे, ताई. वाढलंय दुसरंच काहीतरी." दुकानामागच्या खोलीत ते आणि त्यांचे मावसभाऊ राहतात. मावसभाऊ हे गल्लीसाठी. ते एकमेकांचे कोण, हे मला केव्हाच उमगलं होतं. विचारायची वेळ आली नाही.

माझा मुलगा छोटे सिनेमे करतो. मोठी थिएटरं घेत नाहीत असे: दोन पुरुषांचं प्रेम, भाड्याची खोली, शेजाऱ्यांच्या नजरा. त्याचं स्वतःचं आयुष्यही तेच, त्यामुळे माझा जीव कायम टांगणीला. या खेपेला त्याला शिंप्याचे हात हवे होते. मास्तर तयार झाले, पण एका अटीवर. "हात घे, तोंड नको. घरमालकाला कळलं तर दुकान आणि खोली, दोन्ही जातील."

शूटिंगच्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मशीनचा आवाज टिपायला त्यांच्या कॉलरखाली लावलेला माइक काढायचा राहून गेला. मास्तर मागच्या खोलीत जेवायला बसले आणि माइक ऐकत राहिला. भाऊंचं हृदयाचं ऑपरेशन ठरलं होतं. ते विचारत होते, "मला आत नेल्यावर तू बाहेर कोण म्हणून बसणार?" यावर मास्तर हलक्या आवाजात जे बोलले, ते मी इथे लिहिणार नाही.

मुलाने मला ते हेडफोनवर ऐकवलं. असं आपल्याला जन्मात लिहिता आलं नसतं, म्हणाला. मास्तरांचा आवाज गल्लीतलं शेंबडं पोरही ओळखेल. मी म्हटलं, "आधी त्यांना ऐकव. नाहीतर त्यांच्या दाराला कान लावणाऱ्यांत आणि तुझ्यात फरक काय?"

आम्ही दोघं दुकानात गेलो. मास्तरांनी ऐकलं आणि हेडफोन भाऊंच्या कानांवर ठेवले. भाऊ ऐकता ऐकता हसले. मग मुलाला म्हणाले, "माझं राहू दे. मी इथे कुणाशी बोलतो? कोण ओळखणार? याचं मात्र काढ."

"तू विचारणार आणि मी मुकाट बसणार?" मास्तर चिडले. "काय दगड माणूस आहे, म्हणतील लोक."

"म्हणू देत. खोली तर राहील."

मुलाने तसंच केलं. आता पडद्यावर मास्तरांचे हात कापड सरकवतात, भाऊंचा प्रश्न येतो, मशीन थांबतं. उत्तर येत नाही.

उद्या एका लहानशा सभागृहात सिनेमा दाखवणार आहेत. भाऊ दवाखान्यात दाखल झालेत, ऑपरेशन परवा आहे, तरी त्यांनीच मास्तरांना 'जाऊन ये' म्हणून गळ घातली. मास्तर माझ्या शेजारी बसतील. घरमालकाचा मुलगाही येणार असल्याचं आज संध्याकाळी कळलं आणि माझी झोप उडाली. हातांवरून माणूस ओळखू येतो का, हाच विचार डोक्यात घोळतोय. पण खरी धास्ती वेगळीच आहे. अंधारात भाऊंचा प्रश्न ऐकून मास्तरांनी तिथेच उत्तर दिलं तर? त्यांच्या तोंडावर हात ठेवायला मी धजेन का, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.